सोळा एमबीत अजिंठा

मेहुण्यांनी २००४ साली अमेरिकेहून डिजिटल कॅमेरा आणला आणि "आता रोलचा खर्चच नाही!" हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं. घात तिथेच झाला. रोलवर ३६ फोटो निघत, ओढूनताणून सदतिसावा. त्यामुळे अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, "परत एक काढा" म्हणायची कोणाची छाती नव्हती. डोळे मिटले तर मिटले. रोल धुऊन येईपर्यंत ते कळतही नसे. आमची आत्या या पद्धतीमुळे अल्बमच्या अल्बम झोपलेली आहे.

अजिंठ्याच्या सहलीत तिने सगळी भरपाई करून घेतली. फोटो काढला की कॅमेरा मागायची, उन्हात पडद्यावर काही दिसत नाही म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या तंबूत शिरायची, आणि आतून निकाल यायचा, "मिटलेत. परत काढ." फर्दापूरच्या बसथांब्यावर तिचे डोळे उघडेपर्यंत पेन्सिल सेलच्या पहिल्या जोडीने डोळे मिटले.

लेणी वाघूर नदीच्या नालासारख्या वळणावर आहेत आणि फार सुंदर आहेत. माकडंही आहेत. पण बटण दाबल्यावर हा कॅमेरा आधी विचार करायचा, मग फोटो काढायचा. माकड नुकतंच गेलेल्या फांद्या त्यात उत्तम येत.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा राहिलो. फ्लॅशला बंदी, उजेड मिणमिणता. दीड हजार वर्षं जागचा न हललेला बोधिसत्त्व माझ्या फोटोत हलला. दुसरा काढू म्हटलं तर पडदा म्हणाला, कार्ड भरलं. कॅमेऱ्यासोबत फुकट आलेलं १६ एमबीचं कार्ड! चांगल्या प्रतीचे डझनभर फोटो झाले की त्याचं पोट भरायचं.

बाहेर पायऱ्यांवर कुटुंबाची सभा बसली. विषय एकच, काय पुसायचं. आत्याने स्वतःचे सगळे राखून ठेवले, कारण "डोळे उघडे आहेत". चिरंजीवांनी फांद्यांची बाजू घेतली. म्हणे नीट पाहिलं तर शेपूट दिसतं. बायकोने तिच्या साडीचा रंग आलेल्या फोटोंना हात लावू दिला नाही. मग सर्वानुमते ठरलं, पद्मपाणी पुसा. तो हललाय.

मला मेजर रॉबर्ट गिल आठवला. या गृहस्थाने १८४४ पासून वर्षानुवर्षं इथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. अजिंठ्याची नक्कल करणाऱ्याचं एकूण काही खरं नसतं. पण त्या दोघांना निदान आग तरी लागली होती. माझ्यावर मतदान झालं.

पुसता पुसता एक फोटो आला. सगळे रांगेत उभे आणि पायांशी माझी सावली, कोपरं बाहेर काढलेली. "हाही पूस, खराब आलाय," बायको म्हणाली. आत्याने कॅमेरा ओढून घेतला. सूर्य पाठीशी ठेवायचा हा अण्णांचा नियम, त्यामुळे आमच्या जुन्या अल्बममध्ये अण्णा असे फक्त सावलीनेच आहेत. त्यांचा फोटो काढायला तेव्हा दुसरं कोणी नव्हतंच. "हा राहू दे," ती म्हणाली. यात तिचे डोळे मिटलेले होते.

मग मी दोन फांद्या पुसल्या, पुन्हा आत गेलो, बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचार केला आणि सेलची दुसरी जोडी संपली.

पद्मपाणी शेवटी खाली फेरीवाल्याकडे मिळाला, पोस्टकार्डांच्या पाकिटात, घासाघीस करून. आत्याने बसमध्ये तो पदराखाली न धरता पाहिला आणि म्हणाली, "याचेही मिटलेलेच दिसतात की रे. परत काढायला सांग."