तंगडी कुणाची?

(स्थळ : रत्नागिरी, मारुती मंदिराजवळची चहाची टपरी. वेळ : आषाढातली संध्याकाळ. पात्रे : निवृत्त मास्तर, गोव्याहून नुकताच परतलेला खवय्या, कीर्तनकार बुवा आणि एक शेतकरी. पावसामुळे चौघांनाही निघता येत नाही, त्यामुळे एकमेकांचं ऐकून घेणं भाग आहे.)

खवय्या : काय सांगू मास्तर! मासळी आपल्याकडेही आहे. पण तिकडे वेटर कानाशी लागून म्हणाला, ‘साहेब, जंपिंग चिकन आहे, बोलू नका कुणाला.’

मास्तर : म्हणजे बेडूक खाऊन आलात.

खवय्या : छे हो! फक्त तंगड्या. रवा लावून, कुरकुरीत. बाकीचा बेडूक मी पाहिलासुद्धा नाही.

मास्तर : बाकीचा बेडूक कुणीच पाहत नाही. विज्ञानानेही आधी तंगडीच उचलली. इटलीत, बोलोन्याला, गॅल्व्हानी म्हणून शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. टेबलावर सोललेल्या तंगड्या, जवळच वीज निर्माण करणारं यंत्र. यंत्रातून ठिणगी उडाली, त्याच क्षणी सहायकाच्या सुरीचं टोक मज्जातंतूला लागलं, आणि मेलेल्या बेडकाने सणसणीत लाथ मारली!

बुवा : त्यात नवल काय? आमच्या भाऊबंदकीत मेलेली माणसं तीन-तीन पिढ्या कोर्टात लाथा मारतात.

मास्तर : गॅल्व्हानी म्हणाले, वीज प्राण्याच्या अंगातच असते. 1791 मध्ये त्यांनी ते छापलं. व्होल्टा म्हणून दुसरे शास्त्रज्ञ म्हणाले, साफ चूक. वीज येते ती तंगडीला टेकलेल्या दोन वेगवेगळ्या धातूंमुळे. आपलं म्हणणं खरं करायला त्यांनी धातूंच्या चकत्या एकावर एक रचल्या आणि 1800 मध्ये पहिली बॅटरी जगापुढे ठेवली. तुमच्या खिशातल्या मोबाइलचं मूळ त्या तंगडीपर्यंत जातं.

खवय्या : पण प्राध्यापकांच्या टेबलावर तंगड्या आल्या कशा?

मास्तर : दंतकथा अशी, की आजारी बायकोसाठी बेडकाचं सूप करायचं होतं.

खवय्या : बघा! म्हणजे मूळ शोध स्वयंपाकघरातलाच. आणि गोव्यातला आचारी सांगत होता, ताज्या तंगडीवर मीठ टाकलं की ती नाचते. भूत म्हणायचं का त्याला?

मास्तर : भूत कसलं! प्राणी मेला तरी त्याच्या पेशी थोडा वेळ तग धरून असतात. मिठातला सोडियम मज्जातंतूला चाळवतो, तंतू स्नायूला हुकूम सोडतो, स्नायू आखडतो. हा हुकूम किती वेगाने जातो, तेही 1850 मध्ये हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी बेडकाच्याच पायावर मोजलं. सेकंदाला साधारण 27 मीटर.

शेतकरी : सरकारी कागदापेक्षा लय जोरात की!

मास्तर : आणि खवय्ये, मांडीच्या खाली पोटरीत हाडं किती लागली?

खवय्या : एकच.

मास्तर : शाबास! तुमच्या-माझ्या पायात तिथे दोन असतात, बेडकात ती जुळून एक झालेली. शिवाय घोट्याची हाडं लांबलेली, म्हणून पायाला आणखी एक घडी पडते. उडी मारताना सगळ्या घड्या एकदम उघडतात. आमच्या कॉलेजात हा प्रश्न पाच मार्कांना असे. तुम्ही खाऊन पास झालात.

बुवा : तुम्ही तरी कुठे सोडलात त्यांना? मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय टाचून पोट फाडायचात.

मास्तर : फाडायचो. बेडकाला क्लोरोफॉर्म द्यायचो आणि बेशुद्ध व्हायची पुढच्या बाकावरची मुलं. आता ते बंद. 2014 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्राणिशास्त्राच्या वर्गातली विच्छेदनं थांबवायला सांगितलं. हल्लीची मुलं पडद्यावर बेडूक उघडतात आणि पुन्हा मिटतात.

बुवा : आमच्या शास्त्रात बेडकाला फाडत नाहीत, ऐकतात! ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात त्याच्यावर अख्खं सूक्त आहे, 103 वं. त्यात एक बेडूक ओरडतो, त्यामागून दुसरा तेच ओरडतो; ऋषी म्हणतात, गुरूमागून शिष्य घोकतो तसं.

मास्तर : आमच्या वर्गात पहिला बेडूक मी होतो. मागून कुणी ओरडत नसे.

बुवा : आणि महाभारताच्या वनपर्वात तर बेडकीण राणी झाली आहे. अयोध्येचा परिक्षित राजा, इक्ष्वाकू कुळातला, अर्जुनाचा नातू नव्हे. शिकारीला गेला, रानात एक सुंदर मुलगी दिसली. ती म्हणाली, ‘लग्न करीन, पण मला पाणी दाखवायचं नाही.’

शेतकरी : रत्नागिरीत दिली असती तर मिरगालाच मोडलं असतं लगीन!

बुवा : तिथेही मोडलंच. राजा तिला घेऊन तळ्याकाठी गेला, ती पाण्यात उतरली ती गडप. तळं उपसलं तर बिळाच्या तोंडाशी एक बेडूक! राजा खवळला. बेडकांनीच राणी खाल्ली असं समजून त्याने हुकूम सोडला : दिसेल तो बेडूक मारा. प्रेतांचे ढीग पडले. शेवटी बेडकांचा राजा तपस्व्याच्या वेषात आला, हात जोडून म्हणाला, ‘महाराज, कत्तल थांबवा. ती माझीच मुलगी सुशोभना.’ राजा वरमला, राणी परत मिळाली.

मास्तर : आपल्या देशात ती कत्तल तपस्व्याशिवाय झाली, बुवा. डब्यात बर्फ घालून तंगड्या युरोप-अमेरिकेला जायच्या. 1981 मध्ये 4,000 टनांहून अधिक गेल्या. टन तंगड्यांचे हं, बेडकांचे नव्हेत! 1987 मध्ये सरकारने निर्यात बंद केली, तेव्हा कुठे श्वास घेतला त्यांनी.

खवय्या : सरकारला का खुपावं? परदेशी पैसा येत होता ना?

शेतकरी : आता मी बोलू? मघापासनं तिघं तंगडी वढताव. कुणी ताटात, कुणी ट्रेत, कुणी पोथीत. ती तंगडी माज्या खाचरात काय करते, ता कुणी इचारलं?

मास्तर : बोला.

शेतकरी : भाताव तुडतुडे येतात, खोडकिडा येतो, अळी येते. बांध पोखरायला बारके खेकडे हायतच. बेडूक ह्या सगळ्यांना गिळतो. उंदराचं पोर गावलं तर तेही. पगार नाय, बोनस नाय. तुमी तो डब्यात भरून धाडलात, मग आमी दुकानातनं औषधाची बाटली आणायची. परदेशचा पैसा तुमाला, औषधाचं बिल आमाला!

मास्तर : बंदीच्या वेळी हेच कारण पुढे आलं होतं.

शेतकरी : आनि खवय्येसाएब, तो धरतात कदी ठाव हाय? पयल्या पावसाच्या रातीला. तवा नराला हळद लागलेली असते. अंग पिवळंधमक, गळ्याच्या दोनी बाजूंना निळ्या पिशव्या फुगलेल्या, आनि बायकोला हाका मारीत बसलेला. हाकेच्या रोखानं बॅटरी मारायची, डोळे दिपले की पोत्यात. अंडी घालायच्या आदीच वरात उचलली. तुमी नवरदेव खाल्लाव, नवरदेव!

खवय्या : (चहा खाली ठेवून) मला आता चहासुद्धा जाईना.

मास्तर : तो बिनविषारी आहे, प्या. आणि हौसेची किंमतही ऐकून ठेवा. हा मोठा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. पकडणं, विकणं, ताटात वाढणं हा गुन्हा. दंड आहे आणि तुरुंगही.

खवय्या : वेटर कानात का बोलत होता, ते आत्ता कळलं. पण मी फक्त दोनच तंगड्या...

बुवा : दोनच असतात त्याला मागच्या. पुढच्या कुणी खात नाही.

खवय्या : बरं, मग निकाल काय? तंगडी कुणाची?

बुवा : कथेपुरती माझी.

मास्तर : अभ्यासापुरती माझी, तीही आता पडद्यावर.

शेतकरी : तंगडी बेडकाची. त्याच्या अंगाला असली तर माजं भात पिकतं, आनि भात पिकलं तर तुमी तिघं जेवताव.

मास्तर : मंजूर. आणि खाचरात रात्री कुणी पोतं आणि बॅटरी घेऊन फिरताना दिसला, तर वनखात्याचा नंबर 1926 आहे. फुकट लागतो. खवय्ये, पहिला फोन तुम्ही करायचा.