चिल्लर त्यांची, वाटप आमचं

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कायदा लागू झालाय. गिऱ्हाइकानं ठेवलेली टिप हॉटेलमालकानं गल्ल्यात ढकलायची नाही. सगळीच्या सगळी, एक पैसा न कापता, पुढच्या महिनाअखेरपर्यंत नोकरमाणसांत वाटायची. वाटप न्याय्य हवं, त्याचं लेखी धोरण हवं, तीन वर्षांचा हिशेब जपायला हवा. ज्यांनी अर्ध्या जगावर राज्य केलं (आमच्या जालन्यावर निजामाचं होतं, ते सोडा), त्यांना बशीतली चिल्लर कुणाची हे ठरवायला २०२३ साली संसद भरवावी लागली! जालन्याला कुणाला पाठवलं असतं, तर दुपारच्या चहाच्या आत शिकून गेला असता.

मात्र त्याला हॉटेलात नेऊन उपयोग नाही. आमच्या गावात सळया तयार होतात, बियाण्याचा व्यापार देशभर चालतो, ‘जालना सोने का पालना’ अशी म्हणच आहे; पण वेटरसाठी हा पाळणा कुणी हलवत नाही. लंडनात बिलातच साडेबारा टक्के सेवाशुल्क लावतात आणि खाली बारीक अक्षरात ‘ऐच्छिक’ म्हणतात. इंग्रज बिचारा भिडस्त. मुकाट भरतो, वर थँक्यू म्हणतो आणि रस्त्यावर आल्यावर बायकोपाशी कुरकुरतो. आमचं गिऱ्हाईक कुणाच्या भिडेत राहत नाही. शेवभाजीबरोबर कांदा दोनदा, लिंबू तीनदा, रस्सा मोजता येत नाही इतक्यांदा, सगळं फुकट. चौथ्या हाकेला पोरगा आला नाही की गल्ल्यावर जाऊन मालकाला, “काय शेठ, सर्व्हिस बसली राव तुमची!” केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं की बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. आमच्याकडच्या हॉटेलवाल्यांना या बातमीत काय विशेष ते कळलं नाही. गिऱ्हाईक चहाच्या दहा रुपयांतच घासाघीस करतं, तिथं सेवेचे वेगळे कोण मागणार?

हाच माणूस दहाच्या नोटेवरून भांडून कचेरीत जातो आणि दारातच त्याचा स्वभाव पालटतो. शिपायाला ‘मामा’ म्हणतो. कारकुनाला ‘भाऊसाहेब’ म्हणतो. फेरफार लावायचा असतो, मोजणी आणायची असते, आणि खिशात पाचशेच्या नोटा वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. इंग्रज जेवल्यावर टिप देतो, म्हणजे जेवण वाईट निघालं तर हात आखडता घेता येतो. आमचं गिऱ्हाईक स्वयंपाकाची चूल पेटायच्या आधीच देतं. विश्वास, दुसरं काय!

कचेरीत फलक असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कोणती सेवा किती दिवसांत, अपील कुणाकडे, सगळं लिहिलेलं. मी पाहिलेल्या फलकाच्या पुढं लोखंडी कपाट होतं, त्यामुळे सेवांची नावं दिसत होती आणि दिवस दिसत नव्हते. कारण न देता टाळाटाळ केली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, असंही हा कायदा म्हणतो. शेजारी दुसरी पाटी : लाच देणं-घेणं गुन्हा आहे, तक्रारीसाठी १०६४. ही पाटी मात्र फार उपयोगाची आहे. एजंट फोनवर सांगतो, “त्या पाटीखाली थांबा भौ, मी येऊच राहिलो.”

लाचविरोधी कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली की सुटका. सात दिवस! तेवढ्यात साहेब जागेवर सापडले तरी नशीब.

पण मला कौतुक वाटतं ते वाटपाचं. कपाटातून फाईल काढणाऱ्याचं एवढं, नोंद घेणाऱ्याचं तेवढं, सही करणाऱ्याचं त्याच्या हुद्द्याप्रमाणे आणि ‘वर’ जायचं ते वर. लेखी धोरण नाही, वही नाही, तरी संध्याकाळपर्यंत रुपयाचा घोळ होत नाही. रजेवर असलेल्याचंही वेगळं काढून ठेवतात म्हणे. एरवी याच कचेरीत एका सहीचा कागद दोन टेबलांच्या मध्ये तीन महिने हरवतो. पंधरा रुपये भरून सातबारा घरबसल्या मिळू लागला, तेव्हा मला वाटलं आता ही व्यवस्था कोलमडणार. कसली कोलमडते? मोबाइलवरच्या उताऱ्यात नाव चुकलं, की दुरुस्तीला माणूस पुन्हा त्या पाटीखालीच उभा.

ब्रिटनच्या कायद्यात वेटरवर अन्याय झाला तर न्यायाधिकरणाकडे जायची सोय आहे. आमच्याकडे तशी वेळच येत नाही. त्यातून गिऱ्हाइकाचं काम झालं नाही, तर पैसे परत! तिकडे न आवडलेल्या जेवणाची टिप परत मागून बघा कुणी. आमच्या एजंटानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, “बेइमानी नाही भौ इथं. मागच्या साहेबाची बदली झाली ना, तर त्यानं एका माणसाचे अर्धे पैसे तिकडून पाठवून दिले. म्हणे, काम माझ्याकडून अर्धंच झालं होतं.”