ॲव्हरेज किती देते?

स्पोर्ट्स कार धावण्यासाठी असते, हा समज ज्यांच्याकडे ती नाही अशा लोकांनी पसरवलेला आहे. ज्यांच्याकडे आहे ते रविवारी सकाळी सहा-साडेसहाला तिला बिल्डिंगच्या तळघरातून बाहेर काढतात, वाशी ते बेलापूर अशी पाम बीच मार्गावर एक खेप मारतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला एखाद्या आडरस्त्याला लावून तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. हातात कटिंग, समोर आणखी चार जण, त्यांच्या गाड्या त्यांच्या पाठीमागे. एक लाल, एक पिवळी, मधेच एखादी पोपटी. लांबून बघणाऱ्याला वाटतं, इथे अश्वशक्ती, टॉर्क, शून्य ते शंभर असलं काहीतरी अगम्य चाललं असणार. जवळ जाऊन कान द्यावा तर विषय निघतो गुडघ्याच्या वाटीचा. पुष्कळांना हे विषयांतर वाटेल. माझं म्हणणं असं की तोच मूळ विषय आहे आणि गाडी हे निमित्त आहे. स्पोर्ट्स कार हे वाहन नव्हे, तो पार आहे. चाकं लावलेला, विम्याचा हप्ता खाणारा, पण पारच.

पुरावा म्हणून आधी वेगाचाच हिशेब करू, म्हणजे मागाहून कुणी तो काढणार नाही. लॅम्बोर्गिनी हुराकान ताशी ३२५ किलोमीटरपर्यंत जाते. आपल्या हाताशी असलेला सगळ्यात मोकळा रस्ता म्हणजे अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं, लांबी २१.८ किलोमीटर, मोटारींना वेगमर्यादा ताशी १००. मर्यादा पाळली तर तो तेरा मिनिटांत संपतो. हुराकानवाल्याने जीव आणि लायसन्स दोन्ही पणाला लावलं तर चार मिनिटांत संपेल. म्हणजे कोट्यवधी रुपये मोजून पदरात काय पडलं, तर नऊ मिनिटं. आणि तीही शिवडीला उतरल्यावर पहिल्याच कोंडीत परत करावी लागतात. मागून येणारी वॅगन-आरसुद्धा तेरा मिनिटांतच येते आणि तिलाही टोल तेवढाच, २५० रुपये. पुण्याकडे वळावं तर कळंबोलीपासून ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहे, पण सपाटीला १००, घाटात ६० आणि डोक्यावर कॅमेरे. खंडाळ्याच्या घाटात साठच्या वेगाने फेरारी नेणं म्हणजे एखाद्या मोठ्या गवयाला मानाने बोलावून त्याच्याकडून नुसतं ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणवून घेणं. आणि गंमत अशी की इतका गुळगुळीत सेतू दाराशी येऊनही या मंडळींची सकाळ पाम बीचच्या आसपासच जाते. कारण उघड आहे. सेतूवर थांबायला मनाई आहे. जिथे थांबता येत नाही तो रस्ता स्पोर्ट्स कारच्या काय कामाचा?

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चढ-उतार इतका सावकाश की पाठीला कळू नये. यांतला उंचीचा आकडा आपण पाळतो, कधी कधी उदारपणे ओलांडतोही; रुंदीचा आकडा मात्र डांबर पडेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. तिकडे स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून दहा-बारा सेंटीमीटरवर. काही गाड्यांना नाक उचलायचं बटण असतं. ते दाबलं की पुढची बाजू चारेक सेंटीमीटर वर येते, चिखलातून जाताना मावशीबाईंनी नऊवारीचा काठ उचलावा तशी. तेवढ्याने भागत नाही. मग शेजारी बसलेला उतरतो. तो गाडीपुढे उलटा चालतो, उकिडवा बसतो, गाल रस्त्याला टेकेल इतका वाकून पोट आणि डांबर यांच्यामधली फट न्याहाळतो आणि तळहात पालथा करून चार बोटं हलवतो. "येऊ द्या... येऊ द्या... थोडी डावीकडे मारा... बस, बस, बस!" गाडी तिरकी होते. आधी एक चाक चढतं, मग दुसरं. खालून ‘खर्र’ असा आवाज येतो आणि बघणाऱ्या सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अरेरे’ निघतं, कारण तोवर दूधवाला, पेपरवाला आणि दोन जॉगिंगवाले थांबलेले असतात आणि प्रत्येकाजवळ एकेक सल्ला असतो. मागे एनएमएमटीची बस हॉर्न वाजवते. मग तिचा कंडक्टरही खिडकीतून डोकं काढून ‘तिरकी घ्या, तिरकी’ म्हणतो. वॅगन-आर हाच गतिरोधक धाडकन ओलांडून जाते, कुणाशी एक शब्द न बोलता. दोघींपैकी समाज कुणी जोडला, ते तुम्हीच ठरवा.

पारावरच्या बोलण्याची सुरुवात ठरलेली असते: "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न मराठी माणूस रणगाड्यालाही विचारील. "पाच-सहा, तिच्या मर्जीवर आहे," असं उत्तर मिळालं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, त्याची किंमत पैशात करता येणार नाही. परमेश्वर न्यायी आहे आणि आपली वॅगन-आर वीस देते, हे त्याला एकाच वेळी उमगलेलं असतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यापासून या चर्चेला शेतकी वळणही लागलं आहे. साधं टाकायचं की शंभर ऑक्टेनचं, सील खराब होतात का, कुणाचा मेकॅनिक काय म्हणतो. त्यात एखादा सांगली-कोल्हापूरकडचा असला की तो कॉलर ताठ करून सांगणार, "आमच्याच उसावर चालते तुमची गाडी." यात खोटं थोडंच आहे आणि अपमान तर मुळीच नाही. फेरुचियो लॅम्बोर्गिनी हा मूळचा ट्रॅक्टरवाला. १९४८ पासून तो ट्रॅक्टर करीत होता, मोटारी त्याने १९६३ साली काढल्या. फडातला ऊस ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून कारखान्यात जातो आणि त्याच्या रसा-मळीचं इथेनॉल होऊन शेवटी ट्रॅक्टरवाल्याच्याच गाडीत पडतं. घरचंच घरात राहिलं.

तिथून बोलणं कुठेही जातं आणि वेगाकडे सोडून सगळीकडे जातं. उतरण्याचा विषय तर निघतोच. पन्नाशीच्या माणसाने या गाडीतून बाहेर येणं हे एक आसन आहे: आधी डावा हात चौकटीवर, मग उजवा पाय बाहेर, मग क्षणभर विश्रांती, मग ‘आई गंऽऽ’. हा उद्गार इटलीत, जर्मनीत कुठेही बनलेल्या गाडीतून शुद्ध मराठीतच बाहेर पडतो आणि त्यावरून हाडांचे डॉक्टर, त्यांची फी, शुगर, रात्रीचा भात सोडावा का, इथवर मजल जाते. मग सोसायटी. तळघरातला तो एक खांब, वर उघडणारं दार आणि त्याच्यावरून गेलेला सांडपाण्याचा पाइप, सेक्रेटरीने पाठवलेली नोटीस. मग उलवे आणि द्रोणागिरीचे भाव, कारण विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं असलं तरी इथल्या गप्पांत तो पंचवीस वर्षांपासून उतरतो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा वाशी नाक्यावर वाचलेल्या ४५ रुपयांचा आनंद या पारावर जितक्या मनापासून साजरा झाला असेल, तितका रिक्षा स्टँडवरही झाला नसेल. आणि दसऱ्याच्या सुमारास पूजेची अडचण. गुरुजी सवयीने बॉनेटवर स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार घालतात, इंजिनाला हळदकुंकू वाहायचं म्हणून ते उघडायला सांगतात आणि आत निघते डिकी. इंजीन मागे, सीटच्या पाठीशी. एवढे मंत्र म्हटले ते एका रिकाम्या खोक्याला लागू पडले का, यावर अर्धा तास सहज जातो. माझ्या मते पडतात. देवळात तरी आपण गाभाऱ्यात कुठे जातो?

यावर पहिला आक्षेप येतो तो दिखाव्याचा. लोक म्हणतात, हा सगळा पैशाचा माज आहे. माज नाही असं मी म्हणत नाही, पण नवी मुंबईत माज दाखवायची ही फार गैरसोयीची रीत आहे. त्या कामासाठी पांढरी फॉर्च्युनर आहे. तिच्यात सात माणसं बसतात, तिला गतिरोधक कळत नाही, लग्नाच्या हॉलवर तिला पाहून वॉचमन साखळी सोडतो. पिवळ्या दोन-सीटी गाडीला तो विचारतो, "शूटिंगला आलात का?" राजकारणातल्या माणसाला माज आणि सोय यांचं गणित आपल्यापेक्षा चांगलं कळतं आणि फेरारीतून प्रचाराला निघालेला उमेदवार कुणी पाहिलेला नाही, कारण कार्यकर्ते बसवायचे कुठे? शिवाय दिखावा करायचा तर ज्याच्याकडे नाही त्याच्यापुढे करावा. पाच स्पोर्ट्स कारवाले एकमेकांपुढे उभे राहून काय दाखवणार? कोपर दाखवतात, टेनिस एल्बो झालेलं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: वेग वापरत नसले तरी वेगाचं आकर्षण हेच मूळ नव्हे का? इथे गोव्याचं उदाहरण उपयोगी पडेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची गाडी काढली. दोन सीट, उघडणारं छप्पर, फायबरचं अंग आणि इंजीन रेनोचं बाराशे सीसीच्या आतलं, साठेक अश्वशक्तीचं. ताकद म्हणाल तर घरोघरच्या साध्या मोटारीएवढी. तरीही ती कुठे उभी राहिली की माणसं गोळा होत, हात लावून बघत, ‘कितीला बसली’ विचारत. वेग नव्हता, पार मात्र होता. त्याहून मोठा दाखला सचिन तेंडुलकरच्या फेरारीचा. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली ती ३६० मोडेना त्याला भेट मिळाली. मराठी घरात या एका स्पोर्ट्स कारवर जितकी चर्चा झाली तितकी दुसऱ्या कुठल्याही गाडीवर झाली नसेल, पण ती आठवून पाहा. गाडी किती पळते हे कुणी विचारलं? चर्चा होती आयातशुल्काची. शुल्क एक कोटीच्या वर, ते माफ करावं का, केलं तर आमचं का नाही, शेवटी ते भरलं कुणी. बेस्टच्या पासावर प्रवास करणारे लोक सीमाशुल्काच्या कलमांवर तावातावाने बोलत होते. इतक्या लोकांना तासन्‌तास बसायला जागा दुसऱ्या कुठल्या वाहनाने दिली आहे?

तिसरा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. बोलायचंच होतं तर बागेत ज्येष्ठ नागरिकांचा फुकट कट्टा आहे, तिथे जावं. त्यासाठी कर्ज कशाला? याचं उत्तर थोडं सिडकोत आहे आणि थोडं पुरुषजातीत. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. तिने सेक्टर आखले. शाळेला, मंडईला, बागेला भूखंड ठेवले, पण पाराचा भूखंड कुठल्याच आराखड्यात नाही. तो सिडकोचा दोष नाही, पार आखून होत नसतो. सारसोळे, करावे, शहाबाज ही गावं सिडकोच्या कितीतरी आधीची, त्यांना देवळापुढे टेकायला जागा आहे. टॉवरमधल्या माणसाला लिफ्ट आहे आणि लिफ्टमध्ये बोलायला चौदा मजले मिळतात, त्यातही रेंज नसते. बायकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. हळदीकुंकू आहे, भिशी आहे: चांगली साडी नेसून जायचं, एकमेकींच्या साडीची चौकशी करायची, ‘कुठून घेतली, कितीला पडली’ हे झालं की मनातलं बोलायला मोकळं. पुरुषाला ‘घरी करमत नाही, जरा बोलायला या’ असं दुसऱ्या पुरुषाला म्हणता येत नाही. तो म्हणतो, ‘नवीन एक्झॉस्ट लावलाय, आवाज ऐकायला या.’ स्पोर्ट्स कारवाल्यांची रविवार सकाळ हे पुरुषांचं हळदीकुंकू आहे, फक्त वाण फार महाग पडतं.

त्या एक्झॉस्टच्या आवाजाने ज्यांची झोपमोड होते त्यांचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही आणि खोडायचंही नाही. पाम बीचवर खरोखरच शर्यती लावणारे जे आहेत, त्यांना मी या लेखात धरलेलं नाही. त्यांना पोलिसांनी धरावं. पारावर बसणाऱ्याला घाई नसते, ही त्याची साधी खूण.

तेव्हा रविवारी सकाळी कडेला एखादी पिवळी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली, तर बंद पडली असेल असं समजून पुढे जाऊ नका. तिथे इंजीन नसतं, हे वर आलंच आहे. बहुतेक वडापावची पुडी असते आणि त्यात एखादा जास्तीचा असतो. जवळ जा, ॲव्हरेज विचारा, गुडघा काय म्हणतो ते ऐका. फक्त साडेआठच्या आत जा. त्यानंतर घरून फोन येतो की कोथिंबीर, आलं आणि दोन नारळ आणा. मंडईच्या वाटेवर गतिरोधक आहेत. मंडळी गाडीवर कव्हर घालतात आणि वॅगन-आर काढतात.