वेताळाचे डोळे

वेताळाला बुबुळं नव्हती. इंद्रजाल कॉमिक्स ज्यांनी वाचली आहेत त्यांनी डोळे मिटून आठवून बघावं. जांभळा अंगरखा, कमरेला दोन पिस्तुलं, काळा मुखवटा आणि डोळ्यांच्या जागी दोन कोरे पांढरे तुकडे. तो कुणाकडे बघतोय, रागावलाय की हळहळतोय, हे चित्रकार कधीच सांगायचा नाही. ते आपण ठरवायचं. त्या दोन पांढऱ्या तुकड्यांत मी सटाण्याच्या वाचनालयातल्या बाकावर बसून किती राग, किती माया भरली असेल, त्याचा हिशोब नाही.

मग 1996 साली हॉलिवूडने त्याच्यावर सिनेमा काढला. पुढे केव्हातरी तो मित्राच्या घरी केबलवर लागला. पडद्यावर वेताळ आला, मुखवट्याच्या भोकांतून माणसाचे डोळे दिसले आणि पापण्या लवल्या. माझ्यापुरता सिनेमा तिथेच संपला.

दोष वेताळ झालेल्या बिली झेनचा नाही. त्याला वेताळ मनापासून आवडायचा. वेशाखाली खोटे स्नायू भरून घ्यायचे नाहीत म्हणून त्याने महिनोन्‌महिने व्यायाम करून अंग कमावलं. तरी सिनेमा आपटला. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास गल्ला जमवला. कारण काय? वेताळाचं बळ कशात आहे, हे बनवणाऱ्यांना कळलं नव्हतं.

ली फॉकने 1936 मध्ये हा नायक जन्माला घातला तेव्हा त्याला एकही दैवी शक्ती दिली नाही. तो उडत नाही, भिंतीतून आरपार जात नाही, गोळी लागली तर मरतो. बाप मेला की मुलगा तोच वेश चढवतो, अशा एकवीस पिढ्या झाल्या. जंगलाला वाटतं, हा माणूस चारशे वर्षं मेलेलाच नाही. लोकांचा तो विश्वास हीच त्याची शक्ती. सिनेमाने काय केलं? तीन जादूच्या कवट्या आणल्या, त्या एकत्र आल्या की जगाचा नाश करणारी ताकद मिळते, असं कथानक रचलं आणि वेताळाला जंगलातून उचलून न्यूयॉर्कला नेलं. ज्याला जादू नाही हीच ज्याची गंमत, त्याच्या गळ्यात जादू बांधली. जंगल हाच ज्याचा आधार, त्याला टॅक्सीत बसवलं. आणि कॉमिकमध्ये वेताळ शहरात जातो तेव्हा ओव्हरकोट, हॅट, काळा चष्मा घालून जातो. त्याचा चेहरा बघेल तो मरेल, अशी जंगलातली म्हण. सिनेमात मात्र तो उघड्या चेहऱ्याने हिंडतो आणि कुणाला काही होत नाही.

मराठीत त्याचं नाव वेताळ ठेवलं ते किती अचूक होतं, हे मला फार उशिरा कळलं. वेताळ हा आपल्याकडे वेशीवरचा देव, भुतांचा राजा. कितीतरी गावांत तो म्हणजे शेंदूर फासलेला नुसता दगड. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, तरी रात्री त्या वाटेने जाताना तो बघतोय हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून बिनबुबुळाचा वेताळ आम्हाला कधी परका वाटला नाही. 1964 पासून 1990 पर्यंत इंद्रजाल कॉमिक्स निघाली. वेताळाचं जंगल, मूळचं बेंगाला, इथे डेंकाली झालं आणि आम्ही पोरांनी ते डेंकाली साल्हेर-मुल्हेरच्या जंगलात नेऊन ठेवलं. वेताळाची कवटीची गुहा कुठे असेल यावर आमच्यात भांडणं व्हायची. एवढं सगळं काम वाचणारा करत होता. सिनेमावाल्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

कॉमिकचे नायक पडद्यावर का पडतात, याचं माझं उत्तर एवढंच आहे. पैसा कमी पडला, तंत्र कमी पडलं ही कारणं मला पटत नाहीत. 2011 च्या ग्रीन लँटर्नवर सुमारे वीस कोटी डॉलर खर्च झाले. नायकाचा हिरवा वेशसुद्धा शिंप्याने शिवला नाही, सबंध संगणकावर रंगवला. तो अंगाला चिकटलेला वेश बघताना सारखं वाटत राहतं की धड एकीकडे आहे आणि मुंडकं दुसरीकडे. कागदावर तोच हिरवा रंग शोभतो, कारण तिथे माणूसही शाईचा, वेशही शाईचा आणि मागचं आकाशही शाईचं.

फॅन्टॅस्टिक फोरचंही तेच दुखणं. 1994 चा सिनेमा तयार होऊन थिएटरात लागलाच नाही, 2005 चा तिकीटबारीवर चालला पण मनात भरला नाही, 2015 चा सपशेल पडला. त्यातला एक नायक रबरासारखा ताणतो. कागदावर हात लांब होतो म्हणजे रेष लांब होते, आणि रेष लांब झाली तर कुणाला किळस येत नाही. पडद्यावर कातडी ताणते. त्या कातडीला रोमरंध्रं असतात, केस असतात. बघणाऱ्याच्या पोटात ढवळतं आणि नायक हास्यास्पद होतो. जी शक्ती रेषेची आहे ती मांसाला देता येत नाही, एवढं ओळखायला वीस कोटी लागत नाहीत.

जज ड्रेडचं तर सरळ पाप आहे. ब्रिटिश कॉमिकमधला हा न्यायाधीश कधी शिरस्त्राण काढत नाही. कायद्याला चेहरा नसतो, म्हणून. 1995 च्या सिनेमात सिल्व्हेस्टर स्टॅलोनने ते काढलं, कारण एवढा मोठा नट घेतल्यावर त्याचा चेहरा दिसायला नको? 2012 मध्ये कार्ल अर्बनने तीच भूमिका अथपासून इतिपर्यंत शिरस्त्राणात केली. नुसत्या हनुवटीवर आणि आवाजावर. तिकीटबारीवर तोही फार चालला नाही, पण ड्रेड वाचणाऱ्यांना आपला माणूस त्यातच भेटला. स्वतःचा चेहरा झाकायला तयार असलेला नट मला फार मोठा वाटतो.

म्हणजे पडद्यावर काहीच जमत नाही असं नाही. 1978 चा सुपरमॅन बघा. सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह, साध्या चष्मेवाल्या माणसाच्या वेशात, प्रेयसी लोइसच्या घरात उभा आहे, ती आतल्या खोलीत गेलीय. तो चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, खांदे मागे घेतो, आवाज भरदार होतो. तिला खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. मग धीर खचतो, चष्मा परत नाकावर, खांदे परत खाली. ना तार, ना स्फोट. एकाच माणसाच्या अंगात दोन माणसं राहतात हे कागदाला एका चौकटीत दाखवता आलं नसतं. ते नटाने केलं. सिनेमाने आपलं स्वतःचं बळ लावलं तेव्हा नायक उभा राहिला. चित्राची नक्कल केली तिथे पडला, आणि चित्रातली माणसाची ओढ विसरला तिथेही पडला.

आपल्याकडे चिंटूचं उदाहरण आहे. त्याला शक्ती-बिक्ती काही नाही, पण सकाळी पेपर हातात पडला की आधी त्याला शोधणारी माझ्यासारखी घरोघरी माणसं होती. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 मध्ये तो सुरू केला. 2012 मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी सिनेमा काढला, पुढच्या वर्षी दुसरा भाग. सिनेमे मनापासून केलेले होते, पोरं गोड होती. पण चिंटू म्हणजे तीन-चार चौकटी आणि चहाचा एक घोट. दोन तास भरायचे म्हणजे खलनायक हवा, संकट हवं, शेवटी विजय हवा. चिंटूला कधी विजय लागलाच नव्हता.

आता आमच्या सटाण्याचं सांगतो. इथे एक महानायक आहे आणि त्याचं देऊळ आरम नदीकाठी आहे. यशवंतराव महाराज, म्हणजे देवमामलेदार. बागलाणचे मामलेदार असताना 1870-71 चा दुष्काळ पडला. माणसं उपाशी मरताना बघून त्यांनी सरकारी खजिना उघडला आणि 1 लाख 27 हजार रुपये वाटून टाकले. वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा खजिन्यातली रक्कम पुरेपूर भरली, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मार्गशीर्षात त्यांचा रथ निघतो तेव्हा अख्खा तालुका लोटतो.

उद्या मुंबईच्या एखाद्या मोठ्या कंपनीने यांच्यावर महानायकाचा सिनेमा काढायचा ठरवला तर काय होईल, हे मला आज दिसतं. खजिन्यात नाणी आपोआप भरतायत, तो देखावा पाच मिनिटं चालेल. सोन्याचा उजेड, ढोल, संथ गतीने पडणारी नाणी. आणि जे खरं आहे ते निसटेल. इंग्रजांची नोकरी, अंगावर जबाबदारी, उघडलं तर तुरुंग. दाराबाहेर खपाटीला गेलेली पोटं. आणि कुलपात किल्ली फिरवणारा मध्यमवयीन कारकुनी हात. नाणी परत भरली हा देवाचा भाग झाला. किल्ली माणसाने फिरवली. ती किल्ली दाखवता आली तर सिनेमा झाला, नाहीतर नुसता उजेड.

हे ज्यांना कळलं होतं ती माणसं आमच्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर, मालेगावात राहतात. नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. संकलन त्यांनी स्वतःच, दोन व्हीसीआर जोडून शिकून घेतलं. 2000 साली मालेगाव के शोले काढला. नट कुठले? गावातलेच, सिनेमावेडे. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात आणि शुक्रवार हा तिथे सिनेमाचा वार. मग त्यांनी सुपरमॅन काढायचं मनावर घेतलं. नायक म्हणून निवडला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. निळा वेश, लाल चड्डी, आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. त्याला आडवा करून, मागे हिरवं कापड लावून उडवला. फैझा अहमद खान यांनी या सगळ्यावर 2008 मध्ये माहितीपट केला. रीमा कागतींचा सुपरबॉईज ऑफ मालेगाव 2025 मध्ये थिएटरात आला, तो याच माणसांवर.

लोक हसतात ती नाडी बघून. मला तिच्याकडे बघून हेवा वाटतो. या सुपरमॅनची लढाई कुठल्या परग्रहावरच्या राक्षसाशी नव्हती. ती तंबाखूशी होती, जी मालेगावच्या गल्लीगल्लीत माणसं खाते. नायक कुठे उभा आहे, कुणासाठी उभा आहे, त्याला काय झेपत नाही, हे त्या पोरांना पाठ होतं. ली फॉकला ते ठाऊक होतं. कोट्यवधी डॉलरवाल्यांना नव्हतं. शफीक 2011 मध्ये कर्करोगाने गेला. माहितीपट आपल्याकडे थिएटरात लागला तो 2012 च्या जूनमध्ये.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. दिवाळीत त्याला नाशिकला मोठ्या पडद्यावर एक महानायकाचा सिनेमा दाखवला. शेवटची वीस मिनिटं इमारती कोसळत होत्या आणि हा दोन्ही हातांनी कान झाकून, माझ्या दंडात तोंड खुपसून बसला होता. घरी परतल्यावर त्याला माझी एक जुनी इंद्रजाल सापडली. पिवळी पडलेली, पिनांना गंज चढलेला. दुपारभर ओसरीवरून आवाज येत राहिले. ढिशूम, धाड, खडखड, घोड्याच्या टापा. आजीने आतून विचारलं, "काय करी ऱ्हायना रे?" हा पालथा पडून वाचत होता. एका चौकटीत वेताळाची मूठ मागे गेलेली, पुढच्या चौकटीत माणूस जमिनीवर. याचं बोट दोन्हींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर थांबलेलं, आणि ठोसा तोंडाने हाच मारत होता.

रात्री मी त्याला फोनवर मालेगावचा सुपरमॅन दाखवला. शफीक हिरव्या कापडासमोर आडवा, हात पुढे, नाडी लोंबतेय. भाचा आधी खुदकन हसला. मग फोन जवळ ओढला, आडवा धरला आणि ओठांचा चंबू करून हळूच वारा वाजवायला लागला.