गोरेपणाची ट्यूब

— काकू, तुमच्या मागच्या खोलीतली भाभी तोंडावर पदर घेऊन का हिंडतेय? ऊन म्हणावं तर आभाळ भरलंय.

— हळू बोल गं, ऐकेल ती. ये अशी भिंतीपाशी. गाल बघितलेस का तिचे? लालबुंद, वर बारीक पुटकुळ्या, आणि ओठांवर लव केवढी वाढलीय!

— अय्या! कशाने?

— ट्यूबने. दिराच्या लग्नात गोरं दिसायचं म्हणून मेडिकलमधून आणली. पहिल्या पंधरवड्यात चेहरा असा उजळला की लाइनीतल्या आणखी दोघींनी मागवली. आत स्टेरॉइड. लावलं की चेहरा नितळ, सोडलं की आग. म्हणून पुन्हा लावायची. चक्रच ते.

— पण चिठ्ठीशिवाय देतात कशी?

— देऊ नये. सरकारने 2018 मध्ये असल्या 14 स्टेरॉइडांची चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून ती सगळी शेड्यूल एचमध्ये घातली. त्वचारोगाच्या डॉक्टरांची ती संघटना आहे ना, आयएडीव्हीएल, तिने यासाठी वेगळा कृतिगटसुद्धा काढलाय. आमची भाची बडोद्यात त्वचारोगच शिकते, तिला विचारलं की सुरूच होते. पण मेडिकलवाला संध्याकाळी हसून बोलतो, उधारीवर देतो. आणि डॉक्टर बसतो शहरात, सकाळच्या वेळात. भाभीने तिथे जायचं म्हणजे नवऱ्याचा एक खाडा. मग ट्यूब कोण सोडेल?

— आमच्याकडे गजकर्णावर तेच चालायचं. दोन दिवसांत खाज गायब.

— खाज जाते, बुरशी राहते. आत मजेत पसरते. भाची म्हणते, हल्ली वर्तुळात वर्तुळ असली गजकर्णं येतात, पुस्तकात होती तशी दिसतच नाहीत. आणि घरात एकट्याने औषध लावून काय होतं? टॉवेल एक, दोरी एक. जीन्स ओली असतानाच चढवतात पोरं.

— मग भाभी काय करणार आता?

— केलं की. गावातल्या आरोग्य मंदिरात ती बेन बसते ना, सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, तिने ई-संजीवनीवर डॉक्टर जोडून दिला. मी सोबत गेले होते. कोविडात घरी बसून फोनवर लावायचो तीच ई-संजीवनी. पण घरून भाभीला जमलं नसतं. फोन नवऱ्याचा, तो कारखान्याच्या गेटवर जमा. मंदिरात बेनच्याच टॅबवर झालं. डॉक्टरबाईंनी पहिलं विचारलं, “ट्यूब दाखवा.” भाभी म्हणते, फेकली. मी तिच्या पिशवीतून काढून दिली.

— तुम्ही पण ना!

— मग काय! नाव वाचलं आणि बाईंना सगळं कळलं. म्हणाल्या, एकदम बंद केली तर चेहरा अजून पेटेल, हळूहळू सोडवू. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचंय. लाल दिसतेय ती सुटतानाची आग. पदर घेऊन फिरण्यापेक्षा उन्हात कमी जा म्हटलं तिला.

— खरंच, कॅमेऱ्यात दिसतं एवढं? आमच्या फोनमध्ये तर माझ्या वांगाचे डागही जातात.

— तो ब्यूटी मोड! अगं आमच्या भाच्याने मांडीवरच्या चट्ट्याचा फोटो काढला, मांडी अशी गुळगुळीत की डॉक्टर म्हणाला आजार कुठाय? आणि पठ्ठ्याने तोच फोटो चुकून ‘आपला परिवार’ ग्रुपवर टाकला. सुरतच्या मावशीने नमस्काराचे हात पाठवले. फोटो काढायचा तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं. हळद-तेल पुसून. आपल्या सावळ्या अंगावर लाल हे लाल दिसत नाही, जांभळट काळपट दिसतं. त्यात पिवळा बल्ब असला की संपलंच.

— म्हणजे शहरात जायलाच नको?

— असं कोण म्हणालं? फिका चट्टा असेल आणि त्यावर टोचलेलं कळत नसेल, तर तिथे हातच लागतो. बेनने कापसाचा पीळ फिरवून विचारायचं, “कळतंय का?” कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं, 6 महिने नाहीतर 12, आणि माणूस पूर्ण बरा होतो. पण पडद्यावरून स्पर्श कसा तपासणार?

— काकू… एक विचारू? ह्यांच्या हातांना भेगा पडल्यात. बोटांच्या बेचक्यांत पाणी सुटतं. ड्रम उतरवायचं काम ना. सुपरवायझरने हातमोजे दिले, तर उलट वाढलंच.

— कधीपासून? आणि एवढा वेळ दुसऱ्याच्या गालांचं विचारत होतीस!

— हे म्हणतात बोलू नकोस. ठेकेदाराला कळलं तर उद्यापासून येऊ नको म्हणेल.

— तेही खरंच आहे गं. रसायनाने हाताला होणारा हा आजार 1948 च्या कारखाना कायद्याने नोंदवायच्या यादीत घातलेला, आणि नोंदवायला जाणारा माणूस रोजंदारीवरचा. पण ऐक, रबराच्या मोज्यांचीही ॲलर्जी असते. ड्रमची की मोज्यांची, हे पाठीवर पट्ट्या चिकटवून बघतात. चिकटवायला एकदा, दोन दिवसांनी काढायला, मग पुन्हा एकदा बघायला. मधे पाठ भिजवायची नाही, घाम नाही. ते काही फोनवर होत नाही, बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलला जावं लागेल.

— तीन खाडे! जमणारच नाही.

— कळतंय मला. आधी आरोग्य मंदिरातून दाखवून तर घ्या, संध्याकाळी उघडं असलं तर. बरं, सुटीत हात कसे असतात त्यांचे?

— मे महिन्यात जळगावला गेलो होतो ना, आठवड्यात अगदी साफ. परत कामावर गेले की चौथ्या दिवशी भेगा.

— हेच पहिलं सांगायचं डॉक्टरांना. कुठल्याही फोटोत हे येणार नाही. आणि मोजे पिशवीत घालून न्या. ड्रमवर काय लिहिलंय तेही हवं.

— आत फोन नेऊ देत नाहीत, फोटो कसा काढणार?

— लेबल वाचायला परवानगी लागते का? डब्याच्या कागदावर उतरवून आण म्हणावं, स्पेलिंग चुकलं तरी चालेल. भाची लावेल ते.