पुरावेसर

आमच्या महाविद्यालयात भूगोलाचे एक सर आहेत. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना ‘पुरावेसर’ म्हणतात. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’ या परिषदेच्या कामासाठी ते आमचे समन्वयक झाले, त्या वर्षी हे बारसं झालं. बेंगळुरूला १९९४ साली ही परिषद स्थापन झाली तेव्हा सर नुकतेच नोकरीला लागले होते. उतारवयात ती आपल्याच मानगुटीवर बसणार आहे, हे त्यांना तेव्हा कोण सांगणार?

सरांच्या खोलीत सात कपाटं आहेत, कारण नॅकचे निकष तेव्हा सात होते. पहिलं अभ्यासक्रमाचं, दुसरं अध्यापनाचं, तिसरं संशोधनाचं, असं करत सातवं संस्थेच्या मूल्यांचं. या सातव्या कपाटाचं दार नीट लागत नाही. अनुदान आलं की दुरुस्त करू, असं प्राचार्य म्हणतात.

रात्री अकराला माझा फोन वाजतो; पलीकडे पुरावेसर. “सर, मागच्या मराठी भाषा गौरव दिनाला मुलं किती होती?”

“असतील पंचवीसेक.”

“पंचवीसेक नको. सह्या किती?”

सह्या सतरा होत्या. पुढे एक लांब सुस्कारा ऐकू आला आणि फोन बंद झाला. एकदा पाऊस कोसळत असताना कँटीनमध्ये सात मुलांना घेऊन मी दोन तास कविता शिकवली होती, हे त्यांना सांगावं म्हणून मी परत फोन केला. “फोटो आहे?” नव्हता. म्हणजे मी त्या दिवशी शिकवलंच नाही.

फोटो म्हणजे साधा नव्हे, जिओटॅगचा. सरांनी आयुष्यभर फळ्यावर अक्षांश-रेखांश काढले आणि मुलांनी त्यावर डुलक्या काढल्या. तेच आता प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात उमटावे लागतात, याचा सरांना मनातून आनंद होत असावा. वृक्षारोपणाच्या वेळी मोबाइलचं लोकेशन बंद राहिलं, तर त्यांनी लावलेलं कडुनिंबाचं रोप उपटायला लावलं आणि लोकेशन चालू करून संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते पुन्हा लावलं. रोप काही जगलं नाही. फोटो सातव्या कपाटात सुखरूप आहे.

नॅकची समिती यायच्या आठवडाभर आधी सरांनी रंगीत तालीम घेतली. स्वतः समितीचे अध्यक्ष झाले आणि दारात उभ्या असलेल्या शिपायालाच पहिला प्रश्न टाकला, “आपल्या कॉलेजचं व्हिजन काय?”

“जवळचं दिसतं साहेब. लांबचं नाही. मोतीबिंदू आहे.”

सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या दिवशी तू रजा टाक.”

आदल्या रात्री दिव्यांगांसाठीचा रॅम्प बांधून झाला. सकाळी सिमेंट ओलंच होतं, म्हणून त्यावर पाटी लागली: ‘कृपया रॅम्प वापरू नये’. ग्रंथालयाला ताज्या ऑइलपेंटचा असा वास येत होता की वाचणारी मुलं खिडकीला नाक लावून बसली होती. समितीला तो अभ्यासूपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका वयस्कर बाईंनी फाइल मिटली आणि सरळ सरांनाच विचारलं, “ते सगळं राहू द्या. तुम्ही स्वतः मुलांसाठी वेगळं काय करता?” सर उठले, दुसऱ्या कपाटाकडे धावले आणि फाइल शोधू लागले. ती सापडेपर्यंत समिती चहाला गेली होती.

मला राहवलं नाही. गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी सहाला हा माणूस दहा-बारा पोरांना घेऊन कॉलेजमागच्या टेकडीवर जातो. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा दगडांखाली पसरतो आणि समोच्च रेषा कागदावर नव्हे, पायाखाली दाखवतो. “ही ओळ म्हणजे तू आत्ता जिथे धापा टाकतोयस ती जागा.” उतरल्यावर पदरच्या पैशाने सगळ्यांना मिसळ. त्यातली काही पोरं आज स्वतः भूगोल शिकवतात.

“सर, हे सांगायचं होतं ना! बेस्ट प्रॅक्टिस म्हणून आपण लिहिलं काय, तर प्लॅस्टिकमुक्त परिसर!”

सर दचकले. “अहो, ते काय काम आहे? ते आपलं असंच. आणि फोटो कुठाय त्याचा?”

निकाल आला. २.९८, बी प्लस प्लस. ए श्रेणी तेव्हा ३.०१ ला सुरू व्हायची.