आमच्या विंचवाच्या माजी मालकास अनावृत पत्र

श्रीयुत माजी मालक यांस,



आपली पांढरी अबार्थ पुंटो (आरटीओच्या दप्तरी ती आता माझी आहे, पण तिच्या अंगावर सगळीकडे आपलाच हात फिरलेला असल्याने ‘आपली’ म्हणतो) गेल्या रविवारी खंबाटकीच्या घाटात बंद पडली, हे कळवण्यास आनंद होतो. आनंद अशासाठी, की ती माझ्याकडे आल्यापासून प्रथमच शांत उभी होती. आम्ही वाईला निघालो होतो. सौभाग्यवती कठड्यावर बसून म्हणाल्या, “किती छान वाटतंय ना आवाज बंद झाल्यावर!” मागून चढणारे ट्रकवाले मात्र आमच्याविषयी वेगळं काही म्हणत होते. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एका टेम्पोवाल्याने टोचन लावून आम्हाला खाली आणलं. १४५ अश्वशक्तीची गाडी, आणि पुढे दोरीने ओढणारा टेम्पो कोथिंबिरीचा.

आपली जाहिरात मला अजून पाठ आहे. सिंगल हँड, शोरूम कंडिशन, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, घ्या आणि चालवा. मी बोनेटकडे वाकून पाहत होतो तेव्हा आपण खांद्यावर हात ठेवून म्हणालात, “काका, एक रुपयाचं काम नाही. कधी फाडली नाहीये मी तिला.” आपल्या आवाजात एवढा जिव्हाळा होता, की आमच्या मेस्त्रींनी परवा इंजिनाचं हेड उतरवल्यावर मला पहिल्यांदा तो आवाजच आठवला. चारपैकी तीन सिलिंडरांत कॉम्प्रेशन आहे. चौथ्यात नाही. हे एक रुपयाचं काम नाही हे आपलं म्हणणं अक्षरशः खरं निघालं.

आता ही गाडी काय होती ते आपणांस सांगतो, कारण इतकी वर्षं तिच्यात बसूनही ते आपल्या कानावर गेलेलं दिसत नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९.९५ लाख होती. पोटात १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि शून्यापासून शंभरचा वेग कंपनीच्या हिशोबाने ८.८ सेकंदांत. दहा लाखांच्या आत असलं काही या देशात त्या वेळी मिळत नव्हतं. आणि ती कुठे बनायची, तर रांजणगावला. अष्टविनायकातला महागणपती जिथे आहे, तिथेच, नगर रस्त्यावर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, साधी पुंटो आहे, कोणीतरी पट्टे मारलेत. हीच तिची गंमत होती. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि त्याआधीच पुंटोचं पर्व संपलेलं होतं. म्हणजे आता जेवढ्या आहेत तेवढ्याच. आणि जेवढ्या आहेत त्यांतून एक आपण वजा केलीत.

तो विंचू पुढच्या जाळीवर का आहे, याची चौकशी कधी केली होतीत? कार्लो अबार्थ नावाचा माणूस १९०८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात जन्मला. रास वृश्चिक, म्हणून विंचू. १९४९ मध्ये त्याने इटलीत कंपनी काढली, आणि ती कंपनी आधी पैसे कशावर कमवायला लागली? सायलेन्सरवर! फियाटच्या चिमुकल्या गाड्यांना तो असे सायलेन्सर करून द्यायचा, की गाडी जरा जोरात पळावी आणि आवाज ऐकून पोरांनी मान वळवावी. त्या आवाजामागे गणित होतं, नळीची लांबी, व्यास, घडण. अशा माणसाचं नाव असलेल्या गाडीचा सायलेन्सर आपण कापलात आणि त्या जागी पोस्टाच्या पेटीएवढ्या तोंडाचा एक डबा वेल्डिंग करून घेतलात. वेल्डिंगही सलग नाही. मधूनमधून धूर येतो.

याच अबार्थने १९६५ साली, छप्पन्नाव्या वर्षी, मोंझाच्या ट्रॅकवर विक्रमासाठी स्वतः गाडीत बसायचं ठरवलं. गाडीत मावेना. म्हणून सफरचंदं खाऊन तीस किलो वजन उतरवलं, बसला, आणि विक्रम केला. आपण काय केलंत? डिकीत प्लायवुडच्या खोक्यात दोन वूफर बसवलेत. आमच्या मेस्त्रींनी आणि त्यांच्या पोऱ्याने मिळून ते खोकं बाहेर काढलं, तेव्हा गाडीचा मागचा भाग डोळ्यांदेखत वर आला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते मी म्हणीतच ऐकलं होतं.

बाकीच्या किरकोळ तक्रारी एका दमात सांगतो. स्प्रिंगा आपण कापल्या आहेत. आमच्या सोसायटीच्या गेटातल्या गतिरोधकावर चेंबर घासतं आणि वॉचमन कपाळाला हात लावतो. हेडलाइटमध्ये निळे बल्ब आहेत, ज्यांच्यामुळे समोरच्याला काही दिसत नाही आणि मलाही. आपले तीन जुने ई-चलान माझ्या मोबाइलवर आले आहेत, त्यांत एक फोटो फार सुंदर आहे. आणि त्या विंचवावर आपण फेरारीच्या घोड्याचं स्टिकर का चिकटवलं होतंत? सचिनची फेरारीसुद्धा अखेर सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली, सेकंडहँड. पण तिच्यावर कोणी दुसऱ्याचं चिन्ह चिकटवल्याचं ऐकिवात नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जशी गाडी दिली तिच्यात मालकाने परस्पर फेरफार करायचे नसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या. मी वही घेऊन बसलो होतो. दुसरं पान उलटल्यावर वही मिटली.

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. हौस असते माणसाला. कोणी गच्चीवर कबुतरं पाळतो, कोणी वूफर. पण मला आपल्याशी बोलायचं आहे ते त्या काळ्या टेपविषयी.

मेस्त्री वायरिंग शोधत होते. (आपल्या वायरमनला एकाच रंगाची वायर माहीत होती, लाल.) शोधता शोधता त्यांनी मीटर बाहेर काढला, उघडला, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग मला बोलावलं. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये सगळे दिवे क्षणभर लागतात ना, हजेरी दिल्यासारखे? त्यांत इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. त्या दिव्यावर, मीटरच्या आतून, इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला होता. कडा सरळ कापलेल्या. कुठे सुरकुती नाही. या गाडीवर आपण करून घेतलेल्या सगळ्या कामांत एवढं एकच काम सफाईदार आहे.

हे का केलंत तेही मला कळलं. डाउनपाइप बदलताना आपण धूर साफ करणारा कॅट काढून टाकलात. त्याच्या पुढचा सेन्सर बिचारा प्रामाणिक. धूर साफ होत नाहीये, हे त्याला कळलं आणि त्याने दिवा लावला. मग तो दिवा आपल्या डोळ्यांत खुपायला लागला. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून देणाऱ्या रीमॅपवाल्याला आणखी चार पैसे देण्याऐवजी आपण पाच रुपयांची टेप आणलीत. ताप चढलेल्या पोराच्या तोंडात बोळा कोंबून घरात शांतता झाली म्हणायचं, तसं हे.

पुढे काय झालं ते ऐका. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल मरायला लागली. गाडी अधूनमधून मिसिंग मारू लागली. अशा वेळी तोच दिवा नुसता लागत नाही, लुकलुकतो. लुकलुकणारा दिवा म्हणजे गाडीने हात जोडून सांगणं, की बाबा, थांब, आता पुढे नेऊ नकोस. तो टेपच्या मागे लुकलुकत राहिला असेल. किती दिवस, देवाला ठाऊक. आणि मिसिंग कानाला तरी कळायला हवं होतं! पण आपण मॅपमध्ये ते पॉप्स घालून घेतले होतेत. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मुद्दाम पेट्रोल सायलेन्सरमध्ये सोडायचं आणि ते तिथे पेटवायचं. फट्, फट्, फटाक. या फटाक्यांत खरं दुखणं कुठलं आणि खोटं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धूत खाली चेंबरात उतरलं. ऑइल पातळ झालं. रिंगा घासल्या. आणि त्याच ऑइलवर तो टर्बो जगतो, ज्याची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. तिच्या बुशचीही आता खात्री नाही, असं मेस्त्री म्हणतात.

अरे, नुसती कॉइल बदलायची होती! एक कॉइल! पाना लावला की बाहेर येते ती. दिवा दिसला असता तर तूच बदलली असतीस, नाहीतर मी. गाडी बोलत होती आणि तू तिचं तोंड बंद केलंस. जिथे तिने गप्प बसायचं, रात्री दीड वाजता म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गल्लीतून जाताना, तिथे तिला बोंबलायला लावलंस. आणि मला खांद्यावर हात ठेवून काका म्हणालास. ती टेप माहीत असताना. हे इंजिनाचं दुखणं नाही, ही लबाडी आहे, आणि तिला कुठल्याही मेस्त्रीकडे स्पेअर मिळत नाही.

असो. एकेरीवर आलो. पत्र पुढे लिहायचं तर आता एकेरीतच लिहावं लागेल, कारण त्यानंतर अजून एक वस्तू सापडली.

वूफरचं खोकं काढल्यावर स्टेपनीच्या खड्ड्यात एक गाठोडं होतं. वर रेक्झिन, आत वर्तमानपत्र, त्याच्या आत ओरिजिनल डाउनपाइप. कॅटसकट. रेक्झिनवर स्केचपेनने लिहिलेलं, ‘ओरिजिनल. टाकू नये.’ त्या कॅटमध्ये प्लॅटिनम-पॅलेडियम असतं, भंगारवाले रोख पैसे मोजतात. तुला हे माहीत नसेल असं मी मानत नाही. तरी तू तो विकला नाहीस. म्हणजे कधीतरी परत बसवणार होतास. म्हणजे आपण काय काढलंय, ते तुला कळत होतं.

मग मी मागच्या सीटकडे नीट पाहिलं. लहान मुलाची सीट बांधल्याचे दोन खोल दाब, आणि फटीत पार्ले-जीचा चुरा. सौदा करताना तू म्हणाला होतास, “बाळ झालं काका, आता मोठी गाडी लागते.” मला तेव्हा ती नेहमीची थाप वाटली होती.

मला वाटतं, तू ही गाडी पळवण्यासाठीच घेतलीस. पण पळवणार कुठे? खरा ट्रॅक गाठायचा तर तेव्हा चेन्नई, कोईम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा. रोजचं जाणं हिंजवडीला. १४५ घोडे घेऊन तू वाकडच्या पुलाखाली पहिल्या गियरमध्ये क्लच दाबून उभा असणार, पुढे कंपनीची बस, डावीकडे पाण्याचा टँकर, उजवीकडून विरुद्ध दिशेने येणारा स्कूटरवाला. संध्याकाळी परत तेच. पगारातून हप्ता जातोय. वेग काही मिळत नाही, मग निदान त्याचा आवाज तरी. सिग्नलवर शेजारच्याने वळून पाहावं, एवढं तरी. पन्नास-शंभर मीटर मोकळे मिळाले की फट् फट् फटाक, आणि पुन्हा ब्रेक. रागवायचं म्हटलं तरी मला इथे नीट रागवता येत नाही. वाकडच्या पुलाखाली मीही उभा असतो.

टेपचं मात्र माफ नाही.

आता कामाचं. हेड फेसिंगला गेलं आहे, रिंगा आणि पिस्टन शोधणं चालू आहे. ओरिजिनल डाउनपाइप परत बसतोय. स्प्रिंगांची सोय एका अपघातात गेलेल्या पुंटोवरून होईल असं दिसतं. वूफर मेस्त्रींच्या पोऱ्याला दिले. त्याच्या मंडळाला दहा दिवस उपयोगी पडतील. रीमॅपची मूळ फाइल तुझ्याकडे किंवा ज्याने तो उद्योग केला त्याच्याकडे असेल तर पाठव, नाहीतर मला अंधारात चाचपडत बसावं लागेल. ई-चलानचे पैसे पाठवलेस तर उत्तम, नाही पाठवलेस तरी फोटो मी जपून ठेवणार आहे.

आणि एक. स्टीअरिंगच्या खाली, डाव्या गुडघ्याला लागतो तिथे, एक छोटा लोखंडी स्विच आहे. त्याच्या दोन वायरी डॅशबोर्डच्या मागून, गालिच्याखालून, मागच्या डाव्या चाकाच्या दिशेने जातात आणि तिथे पत्र्यात कुठेतरी नाहीशा होतात. मेस्त्रींनी तीनदा माग काढला. पंखा नाही, दिवा नाही, वूफर तर नाहीच. दाबला की गाडीत काहीच बदलत नाही, फक्त मागे कुठेतरी बारीक ‘टक्’ असा आवाज होतो.

तो कशाचा आहे, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर कळव. तोवर दाबून ठेवायचा की उघडा, तेही.

आपला,
दुसरा मालक

ता.क. मागच्या सीटखाली बाळाचा एक पायमोजा निघाला आहे. धुऊन ठेवला आहे. केव्हाही येऊन न्यावा. येताना फाइल आणावी.